आय-४० वरून रॅले ते कॅलिफोर्निया: ओक्लाहोमा सिटी आणि आल्बुकर्कीच्या मधे एक रात्र कुठल्या गावात काढावी?

परसबाग
नमस्कार मंडळी,
जूनच्या दुसऱ्या आठवड्यात आमचं बिऱ्हाड रॅलेहून सदर्न कॅलिफोर्नियाला हलतंय. सामान मूव्हर्स नेणार, आम्ही चौघं मिनीव्हॅनने. मी, नवरा, नऊ वर्षांची लेक आणि माझी आई. आई ७१ वर्षांची, पुण्याहून सहा महिन्यांसाठी आलीय, दोन्ही गुडघे दुखतात त्यामुळे जिना अजिबात नको आणि दोन तासांच्या वर सलग बसवत नाही. तू विमानाने पुढे जा म्हटलं तर ऐकत नाही, मला हा देश जमिनीवरून बघायचाय म्हणते.

जवळजवळ सगळा प्रवास आय-४० या इंटरस्टेट महामार्गावरूनच आहे. नॉक्सव्हिल आणि मेंफिसला एकेक रात्र, मग ओक्लाहोमा सिटीला मावसभावाकडे दोन दिवस, इथवर ठरलंय. पुढे आल्बुकर्कीला नवऱ्याचा मित्र आहे पण ओक्लाहोमा सिटी ते आल्बुकर्की साधारण ५४५ मैल आहे, आईला घेऊन ते एका दिवसात व्हायचं नाही. म्हणजे मधे एक रात्र आलीच. नवरा म्हणतो अ‍ॅमरिलोत नेहमीचं चेन हॉटेल घेऊ, पोरीला स्विमिंग पूल मिळेल, झोपू आणि निघू. त्याचं चुकत नाहीये, गाडी तोच चालवणार आहे. पण माझ्या मनात असं येतंय की एवढा देश आडवा पार करायचा आणि सगळ्या रात्री एक्झिटवरच्या त्याच त्या हॉटेलात काढायच्या, तर आईने बघितलं काय? एक तरी रात्र खऱ्या छोट्या गावात काढावी असं फार वाटतंय.

तर कुठलं गाव, जुनं मोटेल घ्यावं का, शाकाहारी जेवणाचं काय करायचं आणि असल्या गावाला किती वेळ द्यायचा? गाडीत आईची कढीपत्त्याची कुंडीपण असणार आहे, म्हणजे जागेचीही मारामारी. अनुभव असेल तर सविस्तर लिहा प्लीज.

घाटमाथा
टुकमकॅरी. न्यू मेक्सिकोत शिरल्यावर साधारण चाळीस मैलांवर. दुसरा विचारच करू नका असं म्हणेन, पण कारणं देतो.

आधी अंतराचं बघा. ओक्लाहोमा सिटी ते अ‍ॅमरिलो २६० मैल, अ‍ॅमरिलो ते टुकमकॅरी ११३. म्हणजे पहिल्या दिवशी ३७३ आणि दुसऱ्या दिवशी आल्बुकर्कीपर्यंत फक्त १७५ उरतात, अख्खी सकाळ तुमची. शिवाय टेक्सास संपून न्यू मेक्सिको लागलं की घड्याळ एक तास मागे जातं. पश्चिमेला जाणाऱ्याला हा तास फुकट मिळतो आणि बहुतेक लोक तो आणखी पुढे गाडी हाकण्यात घालवतात. तुम्ही तो गावाला द्या. सकाळी नऊला ओक्लाहोमा सिटी सोडलीत, साडेपाच तास ड्रायव्हिंग आणि आईंसाठी अडीच तासांचे थांबे धरले तरी तिथल्या घड्याळाप्रमाणे चारच्या सुमारास पोचता.

आता हे गावच का, तर शिकागोहून सांता मोनिकाला जाणारा जुना रूट ६६ या गावाच्या मधून जातो. ११ नोव्हेंबर १९२६ ला त्या रस्त्याला हा नंबर मिळाला आणि इंटरस्टेट सगळीकडे झाल्यावर १९८५ साली अधिकृत यादीतून काढूनही टाकला. मधली साठ वर्षं ही गावं त्या रस्त्यावर जगली. मोटेल, पेट्रोल पंप, टायरवाला, डायनर, सगळं रस्त्याला लागून. मग आय-४० गावाच्या बाहेरून गेला आणि गाड्या सत्तरच्या स्पीडने लांबूनच जायला लागल्या. टुकमकॅरीत माणसं उरलीत पाच हजारांच्या आसपास. बंद पडलेली मोटेलंही दिसतील, ती लपवलेली नाहीत. पण जी चालू आहेत त्यांचे निऑनचे बोर्ड लोकांनी जिवापाड जपलेत, आणि म्हणून माझा एकच आग्रह आहे, दिवेलागणीच्या आत गावात पोचा. जूनमध्ये तिथे सूर्य आठ-सव्वाआठला मावळतो. आठला मेन रोडवर असा, बाकी काही नाही केलंत तरी चालेल.

उतरायचं कसं तेही सांगतो. इंटरस्टेटवर हिरव्या ढालीच्या आकाराची पाटी दिसते, त्यावर बिझनेस लूप असं असतं. तो म्हणजे गावातून जाणारा जुना रस्ता. टुकमकॅरीला शक्यतो पूर्वेच्या पहिल्या एक्झिटला उतरा, पूर्ण गाव हळूहळू पार करा, आणि सकाळी पश्चिमेच्या टोकाने परत आय-४० ला लागा. मधल्याच एक्झिटला उतरून मधूनच परत चढलं की हाती लागतो एक पंप आणि एक फास्ट फूड, आणि मग लोक म्हणतात गावात काही नाहीये.

सांजवात
परसबाग, मी जरा वेगळं सांगते, राग मानू नका. आम्ही सासूबाईंना घेऊन असंच एका छोट्या गावात (हे गाव नाही) जुन्या मोटेलात उतरलो होतो. फोटो बघून हुरळून बुकिंग केलं होतं. खोलीत सिगारेटचा जुना वास, दाराची साखळी तुटलेली, एसीचा असा आवाज की सासूबाई रात्रभर टक्क जाग्या. दहाला ऑफिस बंद, तक्रार करायला माणूस नाही. दुसऱ्या दिवशी नवऱ्याने झोप नसताना गाडी चालवली आणि मला तो सगळा दिवस धास्ती वाटत होती. वय झालेलं माणूस आणि लेकरू बरोबर असताना मोठं गाव बरं, रात्री काही झालं तर हॉस्पिटल जवळ. अ‍ॅमरिलो वाईट नाहीये, तिथून पालो ड्युरो कॅन्यन अर्ध्या-पाऊण तासावर आहे, ग्रँड कॅन्यननंतर देशातली सगळ्यात मोठी कॅन्यन म्हणतात, १२० मैल लांब. आणि गाडी खालपर्यंत जाते, त्यामुळे गुडघेदुखीवाल्यांना काचेतूनही दिसते.

घाटमाथा
सांजवात, तुमचा अनुभव खरा आहे आणि असा मलाही एकदा आलाय. पण त्यातून छोटं गाव टाळावं असं नाही निघत, न विचारता बुकिंग टाळावं असं निघतं. जुन्या मोटेलला वेबसाइटवरून नाही, थेट फोन करून बुक करायचं. फोनवर विचारायचं, खोली नॉन-स्मोकिंग आहे ना, गेल्या दोन-चार वर्षांत दुरुस्ती झालीय का, ऑफिस किती वाजता बंद होतं, नंतर काही लागलं तर कुणाला उठवायचं, मायक्रोवेव्ह-फ्रिज आहे का, रेल्वे किती जवळ. मालक स्वतः फोन उचलतो आणि त्याच्या बोलण्यावरूनच निम्मं कळतं. पोचल्यावर सामान काढायच्या आधी खोली दाखवा म्हणायचं, त्यात कुणाला काही वाटत नाही.

आणि गुडघ्यांसाठी तर जुनं मोटेलच चांगलं. एकमजली असतं, गाडी दारासमोर, लिफ्ट नाही, लांबलचक कॉरिडॉर नाही. टुकमकॅरीचं ब्लू स्वॅलो १९३९ चं, तिथे तर खोल्यांना लागून छोटी छोटी गॅरेजेस आहेत. त्यात थोड्याच खोल्या, लवकर भरतात. २०२६ ला रूट ६६ ची शंभरी, त्यामुळे या सगळ्या जुन्या मोटेलांना मागणी वाढलीय, तर आजच फोन करा.

चार्जिंग_पॉइंट
आम्ही गेल्या वर्षी ईव्हीने हाच रस्ता केला. दुपारच्या थांब्यासाठी शॅमरॉक सुचवतो, टेक्सासमध्ये शिरल्या शिरल्या, ओक्लाहोमा सिटीहून साधारण १७० मैल. तिथे १९३६ सालचा एक पेट्रोल पंप आहे, टॉवर स्टेशन आणि यू-ड्रॉप इन कॅफे. आर्ट डेको बांधकाम, वर उंच मनोरा, हिरव्या आणि वाळूच्या रंगाच्या टाइल्स. आता तिथे व्हिजिटर सेंटर आहे आणि मागे चार्जर बसवलेत. पेट्रोल पंप म्हणून बांधलेल्या जागेत गाडी चार्ज करताना मला फार छान वाटलं होतं. स्वच्छ बाथरूम, बसायला जागा, आईंना अर्धा तास पाय मोकळे करायला उत्तम. तुमची गाडी पेट्रोलची असली तरी थांबा.

अ‍ॅमरिलोच्या पश्चिमेला कॅडिलॅक रँच, १९७४ साली दहा कॅडिलॅक गाड्या नाकं खाली करून जमिनीत पुरल्यात, लोक त्यावर स्प्रे पेंट मारतात. मुलीला आवडेल. पाऊस झाला असेल तर गुडघाभर नाही पण घोटाभर चिखल असतो, जुने बूट ठेवा आणि रिकामे कॅन परत घेऊन या, तिथे फार कचरा होतो. पुढे एड्रियन नावाचं इवलंसं गाव, तिथे पाटी आहे, शिकागो ११३९ मैल आणि लॉस एंजेलिस ११३९ मैल. रूट ६६ चा बरोब्बर मध्य. फोटो काढून पाच मिनिटांत निघता येतं.

भटकी_मांजर
मग एकाच गावात रात्र कशाला घालवायची? शॅमरॉक, ग्रूम, एड्रियन, टुकमकॅरी, सांता रोसा, प्रत्येक ठिकाणी वीस-वीस मिनिटं थांबा, फोटो घ्या आणि रात्री मोठ्या गावात झोपा. जास्त बघून होईल. आम्ही तसंच केलं होतं.

घाटमाथा
करता येतं तसं, पण त्याला गाव बघणं नाही म्हणता येणार. वीस मिनिटांत माणूस पाटी बघतो, फोटो काढतो, टॉयलेटला जाऊन येतो. त्या वीस मिनिटांत गावातल्या एकाही माणसाशी बोलणं होत नाही, आणि खर्च काय होतो तर एक कोक. गावात एक रात्र म्हणजे खोलीचं भाडं, रात्रीचं जेवण, सकाळचा नाश्ता, पेट्रोल, लेकीसाठी एखादं खेळणं. हे पैसे त्याच गावात राहतात. आणि बघणाऱ्याच्या बाजूनेही, संध्याकाळ आणि सकाळ असे दोन उजेड एका जागी बसून बघितले की ते गाव डोक्यात राहतं. मी सतरा-अठरा वेळा हा रस्ता केलाय, सुरुवातीला ट्रकमध्ये हेल्पर म्हणून, नंतर स्वतःच्या गाडीने. ज्या गावांत झोपलो ती सगळी आठवतात. ज्या गावांत नुसता थांबलो त्यातली निम्मी एकमेकांत मिसळून गेलीत.

परसबाग
बापरे, किती छान लिहिताय सगळे. नवऱ्याला वाचून दाखवलं, तो टुकमकॅरीला निम्मा तयार झालाय. त्याचा प्रश्न, संध्याकाळी चारला पोचून आठपर्यंत लहान मुलीला आणि आईला करायचं काय? आणि जेवणाचं कुणीच नाही सांगितलं.

खमंग
जेवणाचं मी सांगते. न्यू मेक्सिकोत शाकाहारी माणूस उपाशी राहत नाही पण विचारल्याशिवाय खायचं नाही. रिफ्राइड बीन्समध्ये बऱ्याच जुन्या जागी लार्ड घालतात, म्हणजे डुकराची चरबी. स्पॅनिशमध्ये मांतेका. ‘बीन्स व्हेजिटेरियन आहेत का’ असं विचारलं तर हो म्हणतात कारण मांसाचे तुकडे नसतात, म्हणून सरळ ‘लार्ड आहे का’ असंच विचारा. तसंच ग्रीन चिलीच्या रश्श्यात बहुतेक पोर्क असतं, आणि लाल चिलीच्या सॉसमध्ये मांसाचं पाणी असू शकतं. वेट्रेस विचारेल ‘रेड ऑर ग्रीन’, हा त्या राज्याचा अधिकृत प्रश्न आहे, खरंच ठराव करून ठेवलाय. दोन्ही हवं असेल तर ख्रिसमस म्हणायचं.

चीज एन्चिलाडा, भाजलेल्या हिरव्या मिरचीचं ऑम्लेट (अंडं चालत असेल तर), आणि सोपापिया नक्की घ्या. ती तळून फुगवलेली असते, चौकोनी पुरीच म्हणा, वर मध घालून खातात. पिठात लार्ड आहे का तेवढं विचारून घ्या. आईंना बघून आनंद होईल.

बाकी एक वेळचं स्वतःचं ठेवाच, कारण छोट्या गावात स्वयंपाकघरं आठला बंद होतात आणि रविवार-सोमवार निम्मी हॉटेलं उघडतच नाहीत. मी तिखट-मिठाच्या पुऱ्या, दशम्या, लसणाची कोरडी चटणी आणि मेतकूट नेते. छोटा राइस कुकर असला की खोलीत मऊ भात, मेतकूट, तूप. एवढा प्रवास करून आल्यावर वयस्कर माणसाच्या पोटाला तेच बरं. पुऱ्या पूर्ण गार झाल्याशिवाय डबा बंद करू नका, जूनच्या उन्हात गाडीत वास मारतात.

आणि हो, कढीपत्त्याची कुंडी! कॅलिफोर्नियात नाही नेता येणार हो. आय-४० वर नीडल्सला राज्याचं शेतकी तपासणी नाकं आहे, सगळ्या गाड्या थांबवून झाडं आणि फळं विचारतात. कढीपत्ता लिंबाच्याच कुळातला, लिंबू-संत्र्याच्या बागा मारणारा जो रोग आहे त्याचा किडा कढीपत्त्यावर वाढतो. मी ज्या वर्षी आले त्या वर्षी माझं झाड तिथेच ठेवून घेतलं, रडू आलं होतं मला. आईंना आधीच सांगा. तिथे लायसन्स असलेल्या नर्सरीत नवीन रोप मिळतं.

परसबाग
हे माहीतच नव्हतं. आईने सात वर्षांपूर्वी माझ्याकडे पहिल्यांदा आली तेव्हा लावलेलं झाड आहे. शेजारच्या तेलुगू मावशींना विचारते. खूप खूप आभार खमंग ताई.

घाटमाथा
चार ते आठचं उत्तर. टुकमकॅरीत मेसालँड्स कॉलेजचं डायनोसॉर म्युझियम आहे. सांगाडे ब्राँझमध्ये ओतलेले, कॉलेजच्याच फाउंड्रीत, त्यामुळे मुलांना हात लावून बघता येतात. ते मात्र सकाळी उघडल्यावर करा, संध्याकाळी घाई होते, आणि कुठल्या दिवशी चालू आहे ते फोन करून विचारा. संध्याकाळी आईंना झोपू द्या तासभर. मग टीपी क्युरिओज म्हणून दुकान आहे, दर्शनी भाग तंबूच्या आकाराचा, तिथे लेकीला सोडा. मग जेवण लवकर, साडेसहाला. मग खुर्च्या बाहेर टाकून बसा, बस्स. काहीतरी करतच राहायला पाहिजे असं नाहीये.

दुसऱ्या दिवशी सांता रोसा, साठ मैलांवर. तिथे ब्लू होल आहे, रखरखीत मुलखात निळ्याशार पाण्याचा गोल झरा, ८१ फूट खोल. मिनिटाला ३,००० गॅलन पाणी खालून येतं आणि उन्हाळा असो हिवाळा असो तापमान ६२ डिग्री फॅरनहाइटच्या आसपास, म्हणजे गारठून जायला होतं. काठावर बसायला जागा आहे, आईंना पाय बुडवता येतील. तासभर द्या आणि मग आल्बुकर्कीला जेवायला.

दूरचा_डोंगर
हवामानाचं कुणी बोललं नाही म्हणून लिहितोय. मे-जूनमध्ये टेक्सासच्या त्या पट्ट्यात दुपारनंतर वादळ आणि गारा येतात. सकाळी निघताना रडार बघा. गारा सुरू झाल्या तर हायवेच्या पुलाखाली गाडी उभी करू नका, लोक करतात आणि मागून येणारे ठोकतात. पुढचं एक्झिट घ्या आणि पंपाच्या छपराखाली जा. धुळीचं वादळ आलं आणि समोरचं दिसेनासं झालं तर रस्त्यापासून शक्य तेवढं बाजूला जायचं, सगळे दिवे बंद, हँडब्रेक लावायचा आणि ब्रेकवरचा पाय काढायचा. दिवे चालू ठेवले तर मागचा ड्रायव्हर तुमचे लाल दिवे बघून तुमच्या मागे येतो आणि आपटतो. हे ऐकायला उलटं वाटतं म्हणून घरी दोनदा बोलून ठेवा.

सामान भरल्यावर टायरची हवा बघा, स्टेपनीची पण. अ‍ॅमरिलो सोडताना टाकी फुल. पाणी माणशी एक गॅलन. आईंचा पासपोर्ट बॅगेत तळाशी नको, हाताशी.

तुम्ही रॅलेहून निघताय तर नॉर्थ कॅरोलिना-टेनेसीच्या हद्दीवर पिजन नदीच्या घळीतला आय-४० सप्टेंबर २०२४ च्या हेलीन वादळात वाहून गेला होता. मार्च २०२५ ला दोन्ही बाजूंना एकेक लेन उघडली, तिथे स्पीड ३५. आदल्या दिवशी राज्याच्या साइटवर स्थिती बघून मगच निघा.

सांजवात
घाटमाथांनी फोनवर विचारायचे जे प्रश्न दिलेत ते वाचून माझं मत थोडं बदललं. परसबाग, जा तुम्ही. फक्त आईंची औषधं दोन ठिकाणी विभागून ठेवा आणि जवळचं हॉस्पिटल कुठे आहे ते आधी बघून ठेवा. टुकमकॅरीत एक छोटं आहे.

परसबाग
ठरलं! मोटेलला फोन केला. नवऱ्यानेच केला, पंचवीस मिनिटं बोलत होता त्या बाईंशी. खालची (सगळ्या खालच्याच आहेत म्हणा) कोपऱ्याची खोली मिळाली, दोन मोठे बेड. रेल्वेचं विचारलं तर त्या म्हणाल्या, गाड्या रात्रभर असतात, सवय नसेल तर कानात घालायला देते. परत आल्यावर लिहीनच.

परसबाग
पोचलो मंडळी, नवीन घरात खोक्यांच्या मधे बसून लिहितेय. तीन आठवडे झाले, पण या धाग्याचं ऋण आहे म्हणून आधी हेच.

ओक्लाहोमा सिटीहून नऊऐवजी पावणेदहाला निघालो, मावसभावाकडून निघणं कधी वेळेवर झालंय? शॅमरॉकला थांबलो, आई त्या हिरव्या टाइल्सवरून हात फिरवत बसली, म्हणाली आमच्या शाळेच्या पायऱ्यांना अशाच होत्या. कॅडिलॅक रँचला आदल्या रात्री पाऊस झालेला, घोटाभर चिखल खराच होता, लेकीने स्वतःचं नाव जांभळ्या रंगात लिहिलं आणि आपलं नाव उद्या कुणीतरी झाकून टाकणार हे कळल्यावर थोडी हिरमुसली. मग तिनेच शोधून काढलं की रंगाचा थर इतका जाड झालाय की कडेला सालीसारखा सुटतो, आत शंभर रंगांच्या रेघा. तसा एक पडलेला तुकडा तिने खिशात घातला.

हद्द ओलांडली आणि फोनचं घड्याळ मागे गेलं, गाडीचं नाही. आई म्हणाली हा तास कुणाचा? मी म्हटलं तुझा.

पूर्वेच्या एक्झिटला उतरलो, सांगितल्याप्रमाणे. पहिल्यांदा छातीत धस्स झालं. लागोपाठ तीन-चार बंद मोटेलं, खिडक्यांना फळ्या, पार्किंगमध्ये गुडघाभर गवत. नवरा काही बोलला नाही पण मला कळलं. मग एक-दोन वळलेल्या पाट्या, मग एकदम नीट रंगवलेली भिंत, कुंड्या, आणि आमचं मोटेल. खोली स्वच्छ. जुन्या साबणाचा वास, पांढऱ्या चादरी इस्त्रीच्या. आई झोपली.

जेवायला साडेसहाला गेलो. बीन्समध्ये लार्ड होतं! खमंग ताई, तुमच्यामुळे विचारलं. मग चीज एन्चिलाडा ख्रिसमस करून, लाल सॉसमध्ये मांस नाही याची खात्री करून. सोपापिया आली तेव्हा आईने ती बोटाने फोडली, वाफ बाहेर आली, आणि म्हणाली पीठ जरा सैल मळलंय. तीन खाल्ल्या.

आता दिवेलागणीचं. खोलीबाहेर पत्र्याच्या दोन खुर्च्या होत्या, त्या जुन्या शिंपल्यासारख्या पाठीच्या. आई एकीवर, मी एकीवर, लेक पायरीवर. समोर टुकमकॅरीचा डोंगर काळा होत गेला, आकाश आधी पिवळं, मग गाजराच्या हलव्याचा रंग. मालकीणबाई ऑफिसमधून बाहेर आल्या, भिंतीवरच्या डब्याचं झाकण उघडलं आणि एकेक खटका ओढायला लागल्या. निऑन एकदम लागत नाही, आधी दोनदा फडफडतो, मग बारीक गुणगुण सुरू होते आणि मग रंग स्थिर होतो. आमच्या डोक्यावरची छपराची कड गुलाबी झाली, मग बोर्ड निळा. रस्त्यापलीकडेही एकामागून एक लागायला लागले. आई खुर्चीच्या हातावर भार देऊन उठली आणि तिने हात जोडले. शुभं करोति पूर्ण म्हटलं, मोठ्याने. लेकीला निम्मंच येतं, तेवढं ती बरोबर म्हणाली. मालकीणबाई खटक्यापाशीच थांबल्या आणि आमचं होईपर्यंत हलल्या नाहीत. नंतर त्यांनी विचारलं ही कसली प्रार्थना, मी सांगितलं, संध्याकाळी दिवा लावला की म्हणतो. त्या म्हणाल्या, मी रोज लावते, मला शिकवाल का? आईने त्यांना पहिली ओळ शिकवली. ‘कल्याणम्’ त्यांना जमेना, तीनदा म्हणून घेतलं.

नवरा गाडीतून राइस कुकर काढत होता, तो तसाच हातात धरून उभा राहिलेला.

घाटमाथा
वाचून गप्प बसलो जरा वेळ. एवढ्या वेळा गेलो पण त्या बायका-माणसांना रोज स्वतः उठून खटके ओढावे लागतात हे कधी डोक्यात आलं नव्हतं.

खमंग
डोळ्यात पाणी आणलंत. कढीपत्त्याचं काय झालं?

परसबाग
तेलुगू मावशींकडे दिला. आईने निघताना त्याला पाणी घातलं आणि मावशींना सांगितलं ताक घालत जा महिन्यातून एकदा. मावशी दर रविवारी फोटो पाठवतात. इथे नर्सरीतून नवीन आणलंय, अजून वीतभरच आहे.

भटकी_मांजर
पुढच्या महिन्यात आम्ही उलट्या दिशेने निघतोय, आल्बुकर्की ते ओक्लाहोमा सिटी. मी वर जे वीस-वीस मिनिटांचं लिहिलं होतं ते रद्द. पूर्वेला जाताना तास पुढे जातो ना, मग दिवेलागण गाठायला काय करायचं?

घाटमाथा
टुकमकॅरी हद्दीच्या अलीकडे आहे, तुमचा तास दुसऱ्या दिवशी जाईल. आल्बुकर्कीहून जेवून निघालात तरी अडीच-पावणेतीन तासांत पोचाल. सांता रोसाला पोहायचं असेल तर सकाळी निघा. आणि तुम्ही पश्चिमेच्या एक्झिटला उतरा, पूर्वेच्या टोकाने बाहेर पडा. जुलै-ऑगस्टमध्ये तिथे दुपारी पावसाळी ढग येतात, पाचनंतर बऱ्याचदा मोकळं होतं.

सांजवात
परसबाग, रात्री झोप लागली का आईंना? मला तेच जाणून घ्यायचं होतं.

परसबाग
लागली. मालगाड्या खरंच रात्रभर होत्या, मी दोनदा उठले. आई सकाळी म्हणाली, लहानपणी दौंडला स्टेशनमागे राहायचो तेव्हा अशीच गाडी जायची, मला तर घरी झोपल्यासारखं वाटलं.